चौदा महिने तीच एक प्रार्थना. आता शब्दच निघत नाहीत, काय करू?

शिलाईवाली_पिरनवाडी

सगळ्यांना सलाम.

लिहू का नको करत पंधरा दिवस गेले. आज दुपारपासून पाऊस लागलाय, लाईट गेलीय, मशीन बंद आहे. म्हणून बसले.

आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला होते. गेल्या वर्षी जुलैत सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना खानापूर रोडवर गाडी घसरली. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. पण उजवा खांदा रस्त्यावर आपटला आणि मान उलट बाजूला ओढली गेली. हाड एकसुद्धा मोडलं नाही. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, थोडक्यात वाचलात हो. हात मात्र खांद्यापासून खाली ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता. उचलला तर उचलायचा, सोडला की पडायचा.

इथं पहिल्यांदा दाखवलं तिथं सांगितलं, नसांना मार बसलाय, सूज उतरली की तीन महिन्यांत येईल. आम्ही थांबलो. त्या तीन महिन्यांत माझी प्रार्थना फार सोपी होती, कारण तारीख मिळालेली होती. तारीख टळली. मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका अक्कांनी वेल्लोरच्या दवाखान्याचं सुचवलं. रेल्वेनं बंगळूर, तिथून काटपाडी. तिथं कळलं की मानेतून हाताकडं पाच नसा येतात, त्यातल्या काही मुळातूनच उपटल्यात. उपटलेली नस परत जागेवर शिवता येत नाही म्हणे. डिसेंबरात ऑपरेशन झालं. बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाच्या नसेला जोडल्या. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले: कोपर वाकेल अशी आशा धरू, खांदा थोडा उचलेल, बोटांचं मात्र धरून चालू नका.

आणि सांगितलं की जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढं सरकते. मी शिवणारी बाई. टेपवर एक इंच म्हणजे पंचवीस दिवस, हा हिशेब माझा तिथं खुर्चीतच झाला. ह्यांच्या कामावरच्या जुन्या शर्टाच्या बाहीवर काखेपासून खाली मी दर महिन्याला खडूनं एक रेघ मारते. नऊ रेघा झाल्या. (खडू झडतो, मग परत मारते. वेडेपणा आहे, माहीत आहे.)

आता प्रार्थनेचं. सुरुवातीला घर भरलेलं असायचं. बुधवारची घरप्रार्थना आमच्याकडंच ठेवली होती, शुक्रवारी उपवास, चाळीस दिवसांची साखळी प्रार्थना, रात्री दोनच्या पाळीलासुद्धा कोणीतरी होतं. आमचे पास्टर कन्नडात प्रार्थना करतात. मला कन्नड कळतं, बाजारात, बँकेत बोलते पण. रडायला मात्र मराठीच लागते. म्हणून सगळे गेल्यावर मी पहाटे पाचला परत गुडघ्यावर बसायची आणि आपल्या भाषेत सांगायची. वाक्य एकच. प्रभू, ह्यांचा हात बरा कर.

हळूहळू लोक कमी झाले. त्यांचा दोष नाही, प्रत्येकाच्या घरात काहीतरी असतं. ग्रुपवर आधी तीस-चाळीस आमेन यायचे, आता चार येतात, त्यातला एक माझ्या भावाचा. बुधवारची प्रार्थना दुसऱ्या घरी गेली. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही लपलेलं पाप तर नाही ना? मी चार रात्री जागून शोधलं. आणि सापडलं काय? गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसातले उरलेले तुकडे मी ठेवून घेते, सगळेच टेलर ठेवतात. ते सगळे तुकडे पिशवीत भरले, ज्याचे आठवले त्याला नेऊन दिले. एक गिऱ्हाईक म्हणाली, अगं, ह्याची मी टिकली पण करू शकणार नाही. मी हसले. पण घरी येताना वाटलं, मी कुठल्या थराला आलेय.

आता गेल्या महिन्यापासून असं होतंय की पहाटे उठते, बसते, आणि "प्रभू" म्हणून झाल्यावर पुढं काहीच येत नाही. तेच वाक्य म्हणायचं म्हटलं तर आठवतं, मत्तय ६ मध्ये येशूनं सांगितलंय की परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. मग वाटतं, चारशे दिवस तेच म्हणणारी मी बडबडच करतेय. उलट लूक १८ मधली विधवा त्या न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन पिडतेच. मग देवाला पिडायचं का नाही पिडायचं?

आणि दुसरं. डॉक्टर म्हणाले कोपर वाकेल, बोटं नाही. तर मी कोपर मागायचं का अख्खा हात? कोपर मागितलं तर अविश्वास होतो का? अख्खा हात मागितला आणि कोपरच आलं, तर उपकार मानू का रुसू?

ह्यांना हे विचारता येत नाही. हे बोलत नाहीत. रात्री हातात आग होते ती मात्र दिसते, उशीचा कोपरा चावतात.

देवावर विश्वास आहे का, असं कृपया विचारू नका. आहे. मला उद्या पहाटे पाचला काय म्हणायचं ते सांगा.

---

मिरजेची_सिस्टर

बाळ, आधी हाताचं बोलते, मग प्रार्थनेचं. माझी अख्खी नोकरी मिरजेत गेली. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेला तो मिशन दवाखाना, बेळगावकडचे पेशंट रेल्वेनं यायचे, तुझ्यासारख्या कितीतरी बायका मी पायऱ्यांवर बसलेल्या बघितल्यात.

हात अडकवायचा गळ्यातला पट्टा काढायचा नाही. खांद्याचे स्नायू झोपलेले असताना हाताचं सगळं वजन सांध्यावर येतं आणि सांधा खाली उतरतो. बोटं, मनगट, कोपर दुसऱ्या हातानं रोज हलवत राहायची, नाहीतर नस पोचेपर्यंत सांधे धरून बसतील, मग नस येऊन काय उपयोग. त्या हाताला गरम-गार कळत नाही हे विसरू नका. गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलेले हात मी बघितलेत, पेशंटला पत्ता नसतो. आग होते त्याच्या गोळ्या चालू असतील तर एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून हळूहळूच.

आता मुख्य. बरगडीतल्या नसा दंडाला जोडल्या म्हणतेस, तर तुला कोणी हे सांगितलंय का? ती नस श्वासाची. ती दंडात पोचली की पहिली हालचाल श्वास आत घेताना किंवा खोकताना होते. कोपर लगेच वाकत नाही, नुसतं दंडात माशासारखं काहीतरी फडफडतं. सहा महिन्यांत कोणाला लागतं, कोणाला वर्ष, कोणाला त्याहून जास्त. नऊ महिन्यांत नाही म्हणजे गेलंच, असं नाही. तेव्हा रोज दंडावर हात ठेवायचा, त्यांना खोल श्वास घ्यायला सांगायचं, खोकायला सांगायचं, आणि तू बोटांनी बघायचं. फिजिओथेरपिस्टना पण विचार.

कोपर का अख्खा हात, तर ऐक. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, यशया ३८. भिंतीकडं तोंड करून रडला, देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि त्याच अध्यायात शेवटी यशया सांगतो, अंजिरांची ढेप गळवावर बांधा. मी विद्यार्थिनींना नेहमी दाखवायचे, बघा, देवानं वचन दिलेलं आहे आणि तरी पोटीस बांधायला लावतोय. डॉक्टर कोपर म्हणाले तर आधी कोपर माग, निश्चिंत माग. तो अविश्वास नाही. आम्ही ऑपरेशनच्या आधी टेबलाशी उभं राहून प्रार्थना करायचो तेव्हा अपेंडिक्सच्या पेशंटसाठी अपेंडिक्सचीच करायचो.

---

विश्वासवीर

ताई, तुमच्या पहिल्याच ओळीत पराभव आहे. "शब्द निघत नाहीत" हे तोंडातून काढू नका. नीतिसूत्रे १८:२१ वाचा, जिभेच्या हाती मरण आणि जीवन आहे. त्यांना पट्टा काढायला सांगा, गोळ्या थांबवा आणि "मी बरा झालोय" असं दिवसातून सात वेळा जाहीर करा. खडूच्या रेघा मारणं म्हणजे देवाचे दिवस मोजणं, ते बंद करा. आशीर्वाद अडलाय तो इथंच.

---

शिलाईवाली_पिरनवाडी

विश्वासवीर भाऊ, रागावू नका, पण हे आम्ही करून बसलोय. गेल्या नोव्हेंबरात एका सभेत बाहेरून आलेल्या भाषणकर्त्यांनी ह्यांना स्टेजवर बोलावलं, पट्टा काढायला लावला आणि म्हणाले, उचल. लोक टाळ्या वाजवत होते. हे डाव्या हातानं उजवा हात धरून वर करायला बघत होते, टाळ्या थांबू नयेत म्हणून. मी खाली बसून ते बघितलं. परत येताना बसमध्ये माझं तिकीट आधार दाखवल्यावर फुकट, ह्यांचं काढायचं होतं, आणि सुटे पैसे उजव्या खिशात. मी खिशात हात घातला तर ह्यांनी मान वळवली. त्या दिवसापासून हे सभेला येत नाहीत, रविवारी पण मागच्या बाकावर बसतात.

तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. पण पट्टा काढणार नाही.

सिस्टर, श्वासाचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर इंग्रजीत सांगितलं असेल.

---

निवृत्त_मास्तर_टिळकवाडी

मुली, मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. तुझ्या प्रश्नात दोन वचनं एकमेकांच्या अंगावर गेलीत, ती आधी सोडवू.

मत्तय ६ मध्ये बडबड म्हटलंय ते कोणाला? ज्यांना वाटतं की जास्त बोललं म्हणजे देव ऐकतो. शब्दांच्या वजनानं तराजू झुकवायला बघणाऱ्यांना. तेच शब्द पुन्हा म्हणू नका, असं तिथं नाही. ह्याच मत्तयाचा २६ वा अध्याय काढ, ४४ वी ओवी. गेथशेमानेत, पकडून नेलं त्या रात्री, येशूनं तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती तेच शब्द बोलून. मत्तयानं हे मुद्दाम नोंदवलंय. त्या रात्री त्याच्याकडंही नवं वाक्य नव्हतं. तेव्हा तुझी चारशे दिवसांची एक ओळ बडबड नव्हे.

लूक १८ वाचताना बहुतेक लोक देवाला त्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतात. दृष्टांत उलटा आहे. असला नालायक माणूससुद्धा शेवटी ऐकतो, मग देव किती अधिक, असा तो आहे. विधवा रोज जाते, कारण तिला दुसरं दार नाही. पिडणं वगैरे शब्द त्या न्यायाधीशाचे, तिचे नव्हेत.

विश्वासवीरांना एवढंच सांगतो की २ तीमथ्य ४:२० मध्ये पौल लिहितो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्याच्याच सोबत्याबद्दल ही एक ओळ. खुलासा नाही, कारण नाही. त्रफिमाची जीभ चुकली, असंही नाही. आणि आपल्या मराठीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केवढं आत्मिक जागरण झालं. तिथं प्रार्थनेला तोटा होता का? तरी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधीच गेली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलात रमाबाई गेल्या. मधले ते महिने त्या बाईनं बायबलच्या भाषांतरात घालवले. पाप शोधत बसल्याचं कुठं वाचनात नाही.

ब्लाउजपिसांचे तुकडे परत दिलेस ते ठीक, पण आता पुरे.

पहाटे पाचचं म्हणशील तर स्वतःचे शब्द नसतील तेव्हा उसने घे. स्तोत्र १३ काढ. "हे परमेश्वरा, कोठवर?" एवढ्यावर सुरू होतं. सहा ओव्या आहेत. स्तोत्र ८८ पण आहे, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटची ओळसुद्धा उजळत नाही. मी माझ्या बायकोच्या आजारपणात तेच वाचायचो. ज्यांनी बायबल जुळवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, ह्याचा मला मोठा आधार वाटायचा.

---

कागदवाला

मी माळकरी घरातला, चुकून या पानावर आलो. प्रार्थनेचं तुमची वडील मंडळी सांगतात ते बरोबरच असेल. मी कागदाचं सांगतो. वहिनी, फौंड्रीत त्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात होता का? कामावरून घरी येताना झालेला अपघातसुद्धा कामातलाच धरतात, २०१० साली कायद्यात तशी दुरुस्ती झालीय. वेळ आणि रस्ता कामाशी जुळला पाहिजे एवढंच. शिफ्टची हजेरी, पोलिसांचा कागद, दवाखान्याचा पहिला कागद, हे तिन्ही एकत्र ठेवा. अपंगत्वाचं कार्डही काढून घ्या, पुढं हात आला तर चांगलंच आहे.

फॉर्म कन्नडात असतील. भरून हवे असतील तर सांगा, मी भरून देतो.

---

चोर्ला_वाट

आम्ही खानापूर तालुक्यातले, कॅथलिक. तुमच्याकडं आणि आमच्याकडं थोडा फरक आहे, तो सांभाळून घ्या.

तेच तेच म्हणण्याची तुम्हाला लाज वाटते हे वाचून मला हसूच आलं, राग मानू नका. जपमाळेत "नमो मरिये" त्रेपन्न वेळा येतं. आम्ही लहानपणापासून तेच म्हणत आलो. आजी भात सडताना म्हणायची, तोंडात जप आणि हातात मुसळ, दोन्ही एका तालात. तिला कोणी विचारलं असतं की प्रत्येक वेळी मनापासून म्हणतेस का, तर तिनं मुसळ उगारलं असतं.

माझी बहीण नऊ वर्षं किडनीच्या आजारात होती. त्या काळात मी दर वर्षी नोव्हेंबरात चोर्ला घाटातून जुन्या गोव्याला चालत जायचो, सेंट झेवियरच्या फेस्ताला, ३ डिसेंबर. इकडची पुष्कळ माणसं जातात. पहिल्या दिवशी माणूस जोरात मागतो. दुसऱ्या दिवशी पायाला फोड येतात आणि मागणं विसरतं, नुसता फोड आठवतो. घाट उतरताना तर डोक्यात काहीच राहत नाही. एकदा फादरना म्हणालो, फादर, मी निम्मी वाट बहिणीचं नावसुद्धा घेतलं नाही. ते म्हणाले, मग चालत कोण होतं?

बहीण गेली. बरी झाली नाही. हे लपवून तुम्हाला सल्ला देणं बरं नव्हे म्हणून लिहिलं. मी अजून जातो. कशाला जातो ते मला नीट सांगता येणार नाही.

तुम्ही पहाटे "प्रभू" म्हणून गप्प बसता म्हणालात. बसा की. उठून तर येताय.

---

शिलाईवाली_पिरनवाडी

डाव्या हातानं टाईप करतोय, वेळ लागेल. मी तिचा नवरा. फोन चार्जिंगला लावताना हे पान उघडंच होतं. सगळं वाचलं.

त्या स्टेजचं तिनं बघितलं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती मागं होती.

मला एक बोलायचंय. चौदा महिने सगळे माझ्यासाठी प्रार्थना करताहेत. देव त्यांचं भलं करो. पण मला एकानं पण विचारलं नाही की बाबा तुझ्यासाठी काय मागू. सगळ्यांनी हातच मागितला. बार्तिमय आंधळा होता, समोर दिसत होतं की आंधळा आहे, तरी येशूनं विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. मार्क १०. मी मागच्या बाकावर बसून हाच अध्याय चार वेळा वाचला.

मला हात पाहिजेच. नको कोण म्हणेल. मोल्डिंगवाल्याला हात नाही तर काय आहे. पण रोज पहाटे पाचला मी जागा असतो. ती भिंतीपलीकडं हात माग माग मागते ते मला ऐकू येतं आणि मला वाटतं, हा हात घेऊन मी तिला पुरा पडत नाही. ती बोटांचं बोलते तेव्हा तर उठून बाहेर जावं वाटतं.

मला विचारलंत तर झोप. दोन तास सलग. दुसरं म्हणजे, मला काहीतरी काम. पॅटर्न बघायला, नवीन पोरांना वाळू कशी चाळायची शिकवायला एका हातानं येतं. मालकांशी बोलायचं धाडस होत नाही, त्यासाठी मागा. कागदवाले काका, ईएसआय कापत होते. हजेरीचा कागद मी आणतो.

विश्वासवीर, तुमच्यावर राग नाही. पण कोणाला स्टेजवर बोलवू नका.

बोटं दुखायला लागली. डावी.

---

मिरजेची_सिस्टर

जावईबापू, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. रात्रीच्या गोळीची वेळ आणि डोस एकदा वेल्लोरला फोन करून बोलून घ्या. आग रात्रीच का वाढते आणि काय बदलायचं, ते सांगतील. झोपेसाठी प्रार्थना करणारच, पण फोनही करा. अंजिराची ढेप.

---

विश्वासवीर

बंधू, मला माहीत नव्हतं. मी पण खूप दिवस कोणासाठी तरी थांबलोय, म्हणून जोरात बोलतो. क्षमा करा.

---

शिलाईवाली_पिरनवाडी

तीन दिवस काही लिहिलं नाही. ह्यांचं वाचून आधी रडले, मग रागच आला की चौदा महिन्यांत मला तोंडानं का नाही सांगितलं, मग फोनवर का. मग आठवलं, मी तरी कुठं विचारलं. शेजारी बसून खिशातले पैसे काढले, शर्टाची बटणं लावली, भात कालवून दिला, पण विचारलं नाही.

परवा रात्री विचारलं. म्हणाले, लिहिलंय की. मी म्हटलं, तोंडानं सांगा. मग सांगितलं. झोप, काम, आणि बोटांचं नाव काढायचं नाही, निदान मोठ्यानं तरी. म्हटलं बरं.

काल मालकांना फोन केला. त्यांनी सोमवारी या म्हटलंय, कशाला ते बोलले नाहीत. येताना हजेरीचा कागदपण मागतो म्हणाले हे. वेल्लोरला फोन लागला, गोळीची वेळ दोन तास अलीकडं आणायला सांगितलं. काल साडेबारा ते अडीच झोपले. मी जागी राहून मोजलं, म्हणजे आता मी झोपले नाही.

पहाटेची जागा बदलली. आता पलीकडच्या खोलीत नाही, ह्यांच्या खाटेशीच बसते. मास्तर, १३ वं स्तोत्र वाचते, आणि "कोठवर" पाशी दोघंही जरा थांबतो. ८८ अजून उघडलं नाही, धीर होत नाही. मग सिस्टरनी सांगितलं तसं उजव्या दंडावर हात ठेवते. हे खोल श्वास घेतात, मग खोकतात, मी बोटांनी बघत राहते. मंडळीत इतक्या जणांनी ह्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण सगळ्यांनी डोळे मिटून डोक्यावर ठेवले. दंड कोणी धरला नव्हता. मी पण नव्हता. बारीक झालाय फार. मापाला दोन इंच कमी भरेल.

अजून काही लागलं नाही. काल एकदा वाटलं, पण तो माझ्याच बोटातला ठोका होता, ह्यांनी सांगितलं.

बुधवारची प्रार्थना परत आमच्याकडं ठेवायची का, असं पास्टरांनी विचारलंय. हे म्हणाले, या म्हणावं, पण आधी चहा, मग मला विचारा, मग प्रार्थना.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. खोकायचं ते उपाशीपोटी का काही खाऊन? रोज पहाटे खोकून खोकून ह्यांचा घसा बसायला लागलाय.